उभे सोंग आणि बैठे सोंग

‘सोंग’ या शब्दावर आपल्या भाषेने थोडा अन्यायच केला आहे. काम टाळणाऱ्याला आपण ‘सोंग करतो’ असे म्हणतो. ‘सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही,’ या म्हणीतही सोंग म्हणजे खोटेपणाच. परंतु जव्हार-मोखाड्याच्या मुलखात या शब्दाला दुसराही अर्थ आहे, आणि तो पहिल्याहून फार वजनदार आहे. येथे सोंग घेणे म्हणजे एका रात्रीपुरती देवाची किंवा दैत्याची जबाबदारी अंगावर घेणे. ती नीट पार पाडली नाही तर गाव विचारते.

व्याख्यानांचे आणि बोहाड्याचे दिवस जवळजवळ एकाच ऋतूत येतात. म्हणून या निमित्ताने दोन सोंगांचा शेजारी शेजारी विचार करावा असे वाटले. एक आपले, बोहाड्यातले, संबळाच्या तालावर नाचणारे उभे सोंग. दुसरे परदेशातले, टेबलाभोवती बसून केवळ बोलण्याने वठवायचे बैठे सोंग. या दुसऱ्या खेळाचे मोठाले मेळे भरतात, आणि त्यातही जुन्या पद्धतीनेच खेळू इच्छिणाऱ्यांचे मेळे वेगळे भरतात. डोक्याचे केस पांढरे झालेली माणसे शेकडो मैलांचा प्रवास करून तेथे येतात, अनोळखी माणसांबरोबर टेबलाशी बसतात आणि ‘मी मांत्रिक आहे’, ‘मी तलवारबहाद्दर आहे’ असे गंभीरपणे सांगू लागतात. ऐकणाऱ्याला प्रथम हसू येते. पण ज्याने बोहाडा जागून पाहिला आहे त्याने हसण्याचे कारण नाही. या मेळ्याचे कोडे उलगडण्याची किल्ली त्याच्या घरातच आहे.

आधी घरचे पाहू. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत या डोंगराळ भागातल्या गावांत बोहाडा होतो. कोणी त्याला भोवाडा म्हणतात. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव त्यासाठी दूरवर ठाऊक आहे. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा अनेक समाजांचे लोक त्यात भाग घेतात. आरंभी गणपती येतो, शारदा येते. मग रामायण-महाभारतातली पात्रे, मारुती, रावण, त्राटिका, नरसिंह, भीम, बकासुर अशी सोंगे रात्रभर एकामागून एक निघतात आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. ‘बावन्न सोंगांचा बोहाडा’ असे लोक म्हणतात; प्रत्येक गावी मोजून बावन्नच निघतात असा त्याचा अर्थ नव्हे. मुखवटे लाकडाचे असतात, कागदाच्या लगद्याचेही असतात. सोबत संबळ आणि पिपाणी वाजते.

यातल्या तीन गोष्टी पुढच्या विवेचनासाठी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बरीचशी सोंगे ठराविक घराण्यांकडे चालत आलेली असतात. आवडीने निवडण्यापेक्षा वाट्याला आलेले सोंग वठवणे येथे मोठे मानले जाते. दुसरी, सोंगाची चाल आणि संबळाचा ठेका यांची गाठ असते. मुखवट्याच्या भोकांतून दिसते फार थोडे, त्यामुळे नाचणाऱ्याला कानावर आणि वाजवणाऱ्यावर विसंबावे लागते. तिसरी, यातले फारसे काही लिहून ठेवलेले नाही. मुलगा बापाच्या मागे उभा राहून शिकतो.

आता बैठ्या सोंगाकडे वळू. त्याचा उगम लष्करी शिक्षणात आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा खेळ तयार केला. दोन बाजूंनी आपापले हुकूम पंचाला द्यायचे, फाशांच्या व कोष्टकांच्या साहाय्याने पंचाने परिणाम सांगायचा, अशी त्याची रीत. पुढे नियमांचे ओझे इतके वाढले की १८७६ साली फेर्दी द्यू व्हेर्नुआ या सेनाधिकाऱ्याने कोष्टके बाजूला सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर देण्याचा आग्रह धरला. नियम मोठा की पंचाचे तारतम्य मोठे, हा वाद तेव्हापासूनचा आहे आणि आजच्या मेळ्यांतही तो संपलेला नाही.

१९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली या तरुणाने असाच एक लढाईचा खेळ मांडला. मात्र त्याने एक बदल केला. ब्राउनस्टाइन नावाचे एक काल्पनिक जर्मन गाव कल्पून त्याने काही खेळाडूंना सैन्याऐवजी माणसे दिली. कोणी गावचा नगराध्यक्ष, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळाडू आपसांत कुजबुजू लागले, खोल्यांतून फिरू लागले, कारस्थाने करू लागले. सगळा गोंधळ झाला आणि वेस्लीला वाटले, खेळ फसला. पण खेळाडूंनी ‘पुन्हा मांड’ असा धोशा लावला. सैन्य चालवण्यापेक्षा एक माणूस होऊन वागण्यात अधिक गोडी आहे, हे त्या रात्री कळले.

त्या खेळाडूंत डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ब्लॅकमूर नावाचा एक अद्‌भुत मुलूख रचला. किल्ला, त्याखाली भुयारे, भुयारांत धन आणि राक्षस. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनेव्हा या गावी राहणाऱ्या गॅरी गायगॅक्सला त्याने तो खेळ दाखवला. गायगॅक्स विमा कंपनीतली नोकरी सुटल्यावर पादत्राणे दुरुस्त करून संसार चालवीत होता. दोघांच्या कामातून जानेवारी १९७४ मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ बाहेर पडला. एका खोक्यात तीन लहान पुस्तिका. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची, आणि तीही हाताने जुळवलेली.

खेळतात कसे, हे सांगण्यापेक्षा दाखवणे बरे. समजा, आपल्याच भागातला एखादा पडका गड आहे. चौघे खेळाडू आहेत आणि पाचवे, वयाने वडील असलेले मामा पंच आहेत. गडाचा नकाशा फक्त मामांपाशी.

मामा म्हणतात, “पायऱ्या संपल्या. समोर अंधारी ओवरी आहे. ओल्या मातीचा वास येतो आहे.”

“मामा, जमिनीवर काय दिसते?”

“फरशी. मधल्या दोन फरशा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ आहेत.”

“मग मी पाऊल टाकीत नाही. काठीने ठोकून पाहतो.”

“पोकळ आवाज येतो.”

“दादा, दोर काढा. कडेकडेने जाऊ.”

खेळ तो एवढाच. पट नाही, सोंगट्यांची सक्ती नाही. कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही. खेळाडू आपण काय करतो ते सांगतात, पंच त्याचा परिणाम सांगतो, आणि जेथे निकाल दोन्हीकडे झुकू शकतो तेथे फासे पडतात.

हे फासे मात्र पाहण्यासारखे असतात. आपल्या ओळखीचा सहा बाजूंचा फासा त्यांत आहेच. शिवाय चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे आहेत. सर्व बाजू सारख्या असलेल्या अशा नियमित घनाकृती पाचच संभवतात, हे युक्लिडने आपल्या भूमितीच्या अखेरच्या भागात सिद्ध केले आहे. त्या पाचही आकृती येथे खेळायला उतरल्या. आरंभी हे फासे शाळांना गणिताचे साहित्य पुरवणाऱ्यांकडून आणावे लागत. वीस बाजूंच्या फाशावर कोणताही एक आकडा पडण्याचा संभव शंभरात पाच. पंच म्हणाला, ‘पंधरा किंवा अधिक पडले तर उडी साधली,’ तर सहा आकडे अनुकूल, म्हणजे संभव शंभरात तीस. खेळाडूला हे गणित मनाशी करून मग उडी मारायची की नाही ते ठरवावे लागते.

पात्रही फाशांतूनच जन्मते. बळ, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि लोकांवर पडणारी छाप असे सहा गुण. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे. तीन फाशांच्या २१६ जुळण्यांपैकी अठराची बेरीज देणारी जुळणी एकच आहे, तर दहाची बेरीज देणाऱ्या सत्तावीस आहेत. म्हणजे बहुतेक पात्रे आपल्यासारखीच मध्यम निघतात. जुन्या रीतीत पडले ते दान घ्यायचे. बळ कमी पडले तर अक्कल वापरायची, अक्कलही कमी असेल तर सोबत्यांना धरून राहायचे. वाट्याला आलेले सोंग वठवायचे, हा बोहाड्याचाच धडा येथे फाशांनी दिला आहे.

‘जुनी पद्धत’ म्हणजे काय, तेही स्पष्ट केले पाहिजे. पुढील दशकांत हा खेळ वाढला, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या, तीन पुस्तिकांच्या जागी जाडजूड ग्रंथ आले. पात्राच्या अंगी कोणकोणती कसबे आहेत याच्या याद्या झाल्या. वरच्या उदाहरणातली फरशी नव्या रीतीत पुष्कळदा अशी ओळखतात: ‘सापळा शोधण्याचे माझे कसब अमुक, फासा टाकतो.’ फासा चांगला पडला की सापळा सापडला. जुन्या रीतीचा माणूस म्हणतो, यात काठी कोठे गेली? स्वच्छ फरशीचा संशय कोणाला आला? त्याच्या मते विचार खेळाडूने करावा, पात्राच्या कागदाने नव्हे. पंचाने प्रत्येक प्रसंगी नियम धुंडाळण्याऐवजी तारतम्याने निर्णय द्यावा. आणि चूक झाली तर पात्र मरावे, कारण मरणाचे भय नसेल तर शहाणपणाला किंमत नाही. २००० साली खेळाच्या मालकांनी नियमांचा मोठा भाग इतरांना वापरण्यास मोकळा केला. त्या आधारे २००६ पासून जुन्या नियमांची नवी संस्करणे निघू लागली आणि जुन्या रीतीला पुन्हा बहर आला. नव्या रीतीचेही गुण आहेत. नवशिक्याला तिचा आधार वाटतो, आणि पंचाच्या लहरीला तिच्यात आळा बसतो. पण येथे आपला विषय जुन्यांच्या मेळ्यांचा आहे.

या मेळ्यांची परंपरा खेळाहूनही जुनी आहे. ऑगस्ट १९६८ मध्ये लेक जिनेव्ह्याच्या हॉर्टिकल्चरल हॉल नावाच्या लहानशा सभागृहात गायगॅक्सने लढाईच्या खेळांच्या चाहत्यांना बोलावले. जेमतेम शंभर माणसे आली. पुढच्याच वर्षी, १९६९ च्या मेळ्यात, गायगॅक्स आणि आर्नेसन यांची भेट झाली. मेळा भरला नसता तर ही जोडी जुळली असती की नाही, कोण सांगणार? तोच ‘जेन कॉन’ मेळा आज इंडियानापोलिस शहरात भरतो आणि अलीकडे त्याला सत्तर हजारांवर माणसे येतात. गायगॅक्स ४ मार्च २००८ रोजी वारला. अंत्यविधीला जमलेल्या मित्रांनी त्याच्या आठवणीसाठी तेथेच खेळ मांडले, आणि २००९ पासून त्याच गावी दर मार्चमध्ये त्याच्या नावाचा ‘गॅरी कॉन’ मेळा भरू लागला. २००९ मध्येच टेक्सास राज्याच्या उत्तर भागात जुन्या रीतीच्या खेळाडूंचा आणखी एक मेळा सुरू झाला. २०२० साली साथीमुळे ‘गॅरी कॉन’ला लोकांना प्रत्यक्ष जमता आले नाही, तेव्हा चाहत्यांनी पडद्यावरून खेळ केले, पण संधी मिळताच ते पुन्हा टेबलाशी आले.

अशा मेळ्याला जाणाऱ्याने काय अपेक्षा धरावी? व्यासपीठ आणि हारतुरे थोडे, टेबले फार. कोणता पंच कोणत्या वेळी कोणता खेळ मांडणार आणि किती जागा आहेत, ते आधी जाहीर होते व नावे नोंदवावी लागतात. एक बैठक साधारण चार तासांची. नवख्यांसाठी तयार पात्रांचे कागद ठेवलेले असतात. आपण पेन्सिल आणि फासे न्यावेत; नसले तर शेजारी देतो. नकाशा खेळाडूंपैकीच एकाने पंचाच्या वर्णनावरून कागदावर काढायचा असतो, आणि तो चुकला की सारी मंडळी वाट चुकते. काही मेळ्यांत स्पर्धाही असते: एकच भुयार अनेक टेबलांवर मांडायचे आणि कोणता गट किती खोल पोचला ते पाहायचे. १९७५ साली बाल्टिमोरच्या मेळ्यात गायगॅक्सने रचलेले थडग्याचे भुयार असे मांडले गेले. नुसत्या बळावर विसंबणारे त्यात टिकू नयेत अशीच त्याची रचना होती.

एवढ्यासाठी इतक्या दूर का जायचे? पुस्तके विकत मिळतात, घरी मित्र आहेत. याचे उत्तर त्या पहिल्या तीन पुस्तिकांतच आहे. त्या वाचून खेळ कसा खेळावा हे अनेकांना कळतच नसे. त्यांत नियम होते, पण बैठक कशी चालते ते नव्हते. ज्याने दुसऱ्याच्या टेबलाशी बसून पाहिले तो शिकला आणि त्याने पुढच्याला शिकवले. केव्हा थांबावे, केव्हा नुसता फासा हातात घेऊन खेळाडूंना घाबरवावे, गप्प बसणाऱ्याला कसे बोलते करावे, या गोष्टी छापता येत नाहीत. पहिल्या पिढीतले बरेच जण आता नाहीत. आर्नेसनही एप्रिल २००९ मध्ये गेला. जे आहेत त्यांच्या समोर चार तास बसायला मिळावे, म्हणून लोक मेळ्याला जातात.

या खेळावर एक मोठा आक्षेप येऊन गेला आहे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या काही धार्मिक पालकांनी ओरड केली की यात राक्षस आहेत, मंत्र आहेत, तेव्हा ही सैतानाची उपासना असून मुले बिघडतील. पण खेळणाऱ्या असंख्य मुलांनी शाळा-कॉलेजे केली, संसार केले आणि आता ती आपल्या मुलांना घेऊन मेळ्यांना येतात. मोखाड्याच्या माणसाला या आक्षेपाचे नवल वाटेल. महिषासुर होणारा गृहस्थ सकाळी मुखवटा उतरवतो आणि गुरांना पाणी दाखवायला जातो. दैत्य दैत्यासारखा नाचला नाही तर देवीच्या विजयाला अर्थ राहत नाही, हे गावाला ठाऊक असते. सोंग वठवणे आणि तसे होऊन जाणे यांतला फरक ज्या समाजाला कळतो तो सोंगाला भीत नाही.

तरीही दोन्ही सोंगे एकच आहेत असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. बोहाडा ही उपासना आहे, तो खेळ करमणूक आहे. बोहाड्यातली कथा सर्वांना ठाऊक असते, देवी जिंकणार हे लहान पोरही जाणते. टेबलावरच्या कथेचा शेवट पंचालाही माहीत नसतो. बोहाडा सबंध गावाचा असतो, तो खेळ पाच-सहा जणांचा. साम्य आहे ते टिकण्याच्या रीतीत. दोन्ही समोरासमोर बसून किंवा उभे राहूनच पुढच्या हाती जातात.

आणि येथेच आपल्याला काळजी करण्यासारखे काही आहे. त्या परदेशी खेळाची निदान पुस्तके तरी आहेत. मधली वर्षे तुटली तरी २००६ साली लोकांनी जुनी पाने काढून धागा पुन्हा जोडला. बोहाड्याच्या ठेक्याला असे पान नाही. भात घरात आले की या तालुक्यांतली कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वसई, भिवंडी, ठाण्याकडे जातात. होळीला परतणारे परततात; ज्याला मुकादम सोडत नाही तो राहतो. ज्या घराकडे सोंग आहे त्या घरचा मुलगा सलग चार-पाच वर्षे बोहाड्याला नसेल, तर बापाच्या मागे उभे राहून शिकायचे वयच निघून जाते. मग मुखवटा घरात राहतो आणि चाल जाते. मुखवट्यांना बाहेर मागणी आहे, ते शहरांतल्या दिवाणखान्यांत लागतात, कारागिराला दोन पैसे मिळतात. हे चांगलेच आहे. पण भिंतीवरचा नरसिंह नाचत नाही.

तेव्हा करायचे काय? त्या जुन्या खेळाडूंकडून दोन साध्या गोष्टी घेता येतील. त्यांनी जाणत्यांसमोर नवख्यांना मुद्दाम जागा ठेवली. आपणही बोहाड्याआधी चार संध्याकाळी जाणत्या सोंगाड्यांना आणि संबळवाल्यांना शाळेच्या पटांगणात बसवून पोरांना ठेके ऐकवू शकतो. त्यांनी आपले कागद, नकाशे, आठवणी जपल्या. आपणही कोणते सोंग कोणत्या घराकडे, त्याचा ठेका कोणता, कोणापासून कोण शिकला, हे गावोगाव त्या घरांच्या संमतीने लिहून व ध्वनिमुद्रित करून ठेवू शकतो. त्याने चाल जिवंत राहणार नाही, पण तुटलेला धागा कोठून जोडायचा हे पुढच्याला कळेल. आणि पाहणाऱ्यांनीही थोडे अंगावर घ्यावे. गणपती-शारदा पाहून, छायाचित्र काढून घरी जाऊ नये. पहाटे देवी निघेपर्यंत जागावे, शेजारी एखाद्या लहान मुलाला बसवावे, आणि कोणते सोंग आले ते ठेक्यावरून ओळखायला त्याला सांगावे.